वर्षाचा राजा कोण?

डिसेंबर लागला की अमेरिकेतील ‘टाइम’ या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर यंदा कोणाची तसबीर येणार याची चर्चा न्यूयॉर्कच्या कचेरीपुरती न राहता आपल्या मराठी वृत्तपत्रांच्या स्तंभांपर्यंत येऊन पोहोचते. आणि एकदा नाव जाहीर झाले म्हणजे ज्याचे नाव निघाले त्याचे अनुयायी विजयाच्या आनंदात व ज्याचे निघाले नाही त्याचे अनुयायी अन्यायाच्या क्षोभात काही दिवस घालवितात. या दोन्ही भावनांच्या मुळाशी एकच समजूत असते. वर्षातील सर्वांत प्रभावशाली व्यक्ती म्हणून झालेली निवड म्हणजे थोरवीची सनद, अशी ती समजूत आहे. ती चुकीची आहे एवढेच सांगावयाचे असते तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु ज्यांनी हा शिरस्ता पाडला त्या संपादकवर्गाच्याही मनात गेल्या चार-पाच दशकांत तीच समजूत हळूहळू शिरली असून, त्यामुळे वर्षअखेरीस जगापुढे यावयाचा एक निःस्पृह निवाडा आपले मूळ तेज गमावून बसला आहे, असे माझे मत आहे, आणि ते सकारण मांडावे यासाठी हा प्रपंच.

या शिरस्त्याचा उगम मोठा उद्बोधक आहे. हेन्री ल्यूस आणि ब्रिटन हॅडन या दोन तरुणांनी 1923 च्या मार्चमध्ये हे साप्ताहिक सुरू केले. पुढे 1927 च्या मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्ग हा पंचवीस वर्षांचा वैमानिक एकट्याने, वाटेत कोठेही न उतरता, साडेतेहतीस तासांत न्यूयॉर्कहून पॅरिसला उडत गेला आणि दोन्ही खंडांतील माणसे त्याला पाहण्यासाठी रस्त्यावर लोटली. परंतु त्या सुमारास त्याचे चित्र मुखपृष्ठावर घेणे संपादकांच्या हातून राहून गेले. वर्ष संपता संपता, नाताळच्या सुट्टीत बातम्यांचा दुष्काळ पडला असता, ती राहून गेलेली गोष्ट भरून काढावी म्हणून 2 जानेवारी 1928 च्या अंकावर त्याला वर्षाचा पुरुष म्हणून स्थान देण्यात आले. म्हणजे ज्या प्रथेकडे जग आज एवढ्या उत्सुकतेने पाहते ती मुळात एका चुकीची दुरुस्ती होती. ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा आधार घ्यावा लागणार आहे.

निवडीची कसोटी पहिल्यापासून अशी सांगितली गेली की, भल्यासाठी असो वा बुऱ्यासाठी, ज्या व्यक्तीने त्या वर्षाच्या घडामोडींवर सर्वांत खोल ठसा उमटविला तीच वर्षाची व्यक्ती. आपल्याकडे गुढीपाडव्याला पंचांग उघडून संवत्सरफल वाचतात, त्यात त्या वर्षाचा राजा कोण, मंत्री कोण, मेघाधिपती कोण, हे सांगितलेले असते. एखाद्या वर्षी राजेपद शनीकडे जाते, एखाद्या वर्षी मंगळाकडे, आणि ते ऐकणाऱ्या कोणाही शेतकऱ्याला असे वाटत नाही की जोशीबुवा शनीचा सत्कार करीत आहेत. कोणाच्या अमलाखाली वर्ष जाणार हे त्याला कळते, आणि तो आपल्या पेरणीची काळजी करू लागतो. ‘टाइम’चा निवाडा वर्ष संपल्यावर येतो आणि त्याला ग्रहांचा नव्हे, माणसांच्या कृत्यांचा आधार असतो, हा भेद मोठा असला तरी दोहोंचे स्वरूप एकच आहे: अंमल कोणाचा होता ते सांगणे.

या कसोटीवर साप्ताहिक किती निष्ठेने उभे राहिले याचा सर्वोत्तम दाखला 2 जानेवारी 1939 चा अंक होय. आधल्या वर्षी ऑस्ट्रिया गिळंकृत झाला होता, सप्टेंबरअखेर म्युनिक येथे चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून दिला गेला होता, नोव्हेंबरात जर्मनीतील ज्यूंची प्रार्थनामंदिरे एका रात्रीत जळाली होती. आणि त्या सर्वांवर एकाच माणसाचा हात होता. संपादकांनी हिटलरचे नाव घातले. परंतु मुखपृष्ठावर नेहमीप्रमाणे चेहऱ्याची तसबीर न देता त्यांनी रुडॉल्फ फॉन रिपर या, नाझींची छळछावणी स्वतः भोगून परागंदा झालेल्या, चित्रकाराचे एक चित्र छापले. चित्रात एक प्रचंड ऑर्गन वाद्य आहे, त्याच्यापुढे हिटलरची आकृती एवढीशी दिसते, आणि वर एका फिरत्या चाकाला माणसांची उघडी प्रेते लोंबकळत असून नाझी पुढारी ती शांतपणे पाहत आहेत. ज्याने हे चित्र पाहिले त्याला निवड म्हणजे गौरव हा भ्रम होणे शक्य नव्हते. सन्मानच द्यावयाचा असता तर त्या वर्षी नेव्हिल चेंबरलेन यांच्याइतका सोयीचा दुसरा उमेदवार नव्हता. म्युनिकहून ते शांततेचा कागद हातात घेऊन परतले तेव्हा लंडनच्या रस्त्यांवर त्यांच्या स्वागतासाठी गर्दी उसळली होती. संपादकांनी सोयीचे नाव घेतले नाही, खरे नाव घेतले, आणि आठ महिने लोटतात तोच पोलंडवर रणगाडे चालून गेले. पुढल्या वर्षी स्टालिनचे नाव आले तेही त्याच कठोर हिशेबाने.

ही कसोटी आपल्या इतिहासाला लावून पाहिली म्हणजे तिचे काठिण्य आणि तिची उणीव या दोन्ही गोष्टी अधिक स्पष्ट होतात. 1761 साली पुण्यात असे एखादे साप्ताहिक निघत असते, तर वर्षअखेरीस त्याच्या संपादकाने कोणाचे नाव छापले असते? 14 जानेवारीला पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली होती, 23 जूनला नानासाहेब पेशवे पर्वतीवर निवर्तले होते, घरोघर सुतक होते. अशा शहरात राहून, अशा वाचकांसाठी लिहिताना त्या संपादकाला अहमदशहा अब्दालीचे नाव घालावे लागले असते. दुसरे कोणतेही नाव घालणे म्हणजे भाऊसाहेबांच्या शौर्याला वंदन झाले असते, वर्षाचा निवाडा झाला नसता. हे काठिण्य. आता उणीव पाहा. पानिपताला दोन दिवस होतात न होतात तोच, आयर कूट या सेनापतीच्या इंग्रज फौजेने फ्रेंचांची पाँडिचेरी हस्तगत केली आणि हिंदुस्थानातील फ्रेंच सत्तेचा कणा मोडला. अब्दाली आला तसा परत गेला. कूट ज्या कंपनीचा चाकर होता ती कंपनी मात्र राहिली, आणि सत्तावन्नाव्या वर्षी तिचे निशाण शनिवारवाड्यावर चढले. पुण्याच्या त्या कल्पित संपादकाला पाँडिचेरीची बातमी कळली असती तरी तिचे वजन कळले नसते, आणि यात त्याचा दोष काढता येणार नाही. वर्षाचा प्रभाव आणि काळाचा प्रभाव या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. पहिलीविषयी निर्भीडपणा हवा, दुसरीविषयी सबुरी. या दोन गुणांपैकी पहिला ‘टाइम’ने गमावला आणि दुसरा त्याच्यापाशी अपवादानेच दिसला, हे माझे गाऱ्हाणे आहे.

निर्भीडपणा ढळण्याची सुरुवात 1979 च्या निवडीनंतर झाली. त्या वर्षी इराणच्या शहाला पळ काढावा लागला, आयातुल्ला खोमेनी पॅरिसहून तेहरानला परतले, धर्मसत्तेचे एक नवे राज्य जन्माला आले आणि नोव्हेंबरात अमेरिकेच्या वकिलातीतील माणसे ओलीस धरली गेली. निवड खोमेनींचीच व्हावयास हवी होती आणि झालीही; परंतु स्वदेशीय माणसे शत्रूच्या कैदेत असताना शत्रूच्या म्होरक्याची तसबीर पाहून अमेरिकन वाचक खवळले, निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला, अनेकांनी वर्गणी बंद केली. त्या क्षोभाची आठवण कचेरीच्या भिंतींना राहिली असावी. 2001 सालच्या सप्टेंबरच्या अकराव्या दिवशी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळून सुमारे तीन हजार माणसे मेली, महिन्याभरात अफगाणिस्तानात युद्ध सुरू झाले, विमानप्रवासापासून नागरिकांच्या हक्कांपर्यंत जगभरच्या व्यवहाराचे नियम पालटले. आणि वर्षाची व्यक्ती म्हणून निवड झाली ती न्यूयॉर्कचे महापौर रूडी जुलियानी यांची. ओसामा बिन लादेनच्या नावाचा खल झाला होता हे संपादकांनी लपविले नाही. महापौरांनी त्या दिवसांत आपल्या शहराला धीर दिला, ही गोष्ट खरी आहे आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही; पण ते एका शहराचे, काही आठवड्यांचे कार्य होते, आणि त्या वर्षाचे चाक ज्याने फिरविले तो माणूस निराळा होता.

याला एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. कीर्तीसाठीच माणसे मारणाऱ्याला जगातील सर्वांत मोठे मुखपृष्ठ देणे म्हणजे त्याच्या हेतूची पूर्तता करणे होय, आणि मृतांच्या नातलगांच्या जखमेवर मीठ चोळणे होय, असे पुष्कळ विचारी माणसे म्हणतात. 26 नोव्हेंबर 2008 ची रात्र ज्या मुंबईने सोसली तिला हा आक्षेप उकलून सांगावा लागत नाही. तथापि त्याचे उत्तर फॉन रिपरच्या चित्रात आहे. मुखपृष्ठ कसे छापावे हे संपादकाच्या हातात असते. ते आरोपपत्रासारखे छापता येते, प्रेते दाखवून छापता येते, अपराध्याची आकृती एवढीशी करून छापता येते. नाव टाळल्याने अपराध्याची शक्ती कमी होत नाही, केवळ वाचकाची समज कमी होते. दोन वर्षांनी इराकवर स्वारी झाली तेव्हा मूळ आघात कोणी केला, कोठून केला आणि कोणत्या प्रदेशाचा त्याच्याशी संबंध नव्हता, याविषयी अमेरिकेच्या जनमनात जो घोळ होता तो एका मुखपृष्ठाने दूर झाला असता असे मी म्हणत नाही. पण अशा घोळाच्या काळातच नेमके नाव घेणाऱ्या वृत्तपत्राची गरज असते.

सत्तेकडे झुकण्याचा दोष तर जुनाच आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यापासून आजवर अमेरिकेच्या अध्यक्षपदी बसलेल्या प्रत्येक माणसाची, एक जेराल्ड फोर्ड वगळता, केव्हा ना केव्हा निवड झालेली आहे. आणि 2015 पर्यंत एकटीच्या नावावर निवडल्या गेलेल्या स्त्रिया चारच, त्यांपैकी पहिली, 1936 ची वॉलिस सिम्प्सन, जिच्यासाठी एका राजाने सिंहासन सोडले म्हणून. 1999 साली ‘पुरुष’ जाऊन ‘व्यक्ती’ आली, पण मागील पाने तशीच राहिली. मग 2020 च्या मार्चमध्ये ‘टाइम’ने एक स्तुत्य काम केले: 1920 पासूनच्या शंभर वर्षांतील प्रत्येक वर्षासाठी एका स्त्रीची, काही ठिकाणी एकाहून अधिक स्त्रियांची, मागाहून निवड केली आणि त्यांची मुखपृष्ठे प्रसिद्ध केली. त्यात 1947 सालासाठी राजकुमारी अमृत कौर, स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री, यांचे नाव आले, आणि 1976 सालासाठी इंदिरा गांधींचे. इंदिराबाईंसाठी 1971 अधिक उचित ठरले असते की आणीबाणीचे हे वर्ष, यावर वाद घालता येईल, आणि तो घालावाही. परंतु आपलाच निवाडा पुनर्विचारार्थ दप्तरातून बाहेर काढता येतो, हे त्या उपक्रमाने मान्य केले, हे महत्त्वाचे.

आता ज्या एकाच भारतीयाला हे स्थान मिळाले त्याच्या वर्षाकडे वळतो, कारण या यादीतील मला सर्वाधिक मान्य असलेला निवाडा तो आहे. 1930 साली वादाला जागा पुष्कळ होती. सप्टेंबरातील निवडणुकीत हिटलरच्या पक्षाचे जर्मन संसदेतील बळ बारांवरून एकशेसातांवर गेले होते. सिंक्लेअर लुईस हे साहित्याचे नोबेल मिळविणारे पहिले अमेरिकन ठरले होते. आपले चंद्रशेखर वेंकट रामन यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले होते. संपादकांनी निवडले ते मोहनदास करमचंद गांधी यांना. 12 मार्चला अठ्ठ्याहत्तर अनुयायांसह साबरमतीहून निघालेला तो एकसष्टीला आलेला मनुष्य 6 एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलतो, आणि जगातील सर्वांत मोठ्या साम्राज्याच्या कायद्याला गावोगाव आव्हान मिळू लागते. 5 मे रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, त्याला कराडी गावच्या झोपडीतून उचलून, मुंबई इलाख्याच्या 1827 च्या एका जुनाट रेग्युलेशनचा आधार घेऊन, कसलीही चौकशी न करता पुण्याजवळच्या येरवड्याच्या तुरुंगात ठेवले जाते. 5 जानेवारी 1931 चा अंक निघाला तेव्हाही तो येरवड्यालाच होता. ज्याच्या हातात सत्ता नाही, फौज नाही, ज्याला सरकारने डांबून ठेवले आहे, अशा कैद्याला वर्षाचा राजा ठरविण्यास जी दृष्टी लागते ती त्या वेळी त्या कचेरीत होती. लंडनमध्ये गोलमेज परिषद भरलेली होती, राजेरजवाडे आणि मुत्सद्दी तेथे बसले होते, डॉ. आंबेडकर तेथे अस्पृश्यांची कैफियत मांडत होते. तरी त्या परिषदेत जो हजर नव्हता त्याची गैरहजेरीच सर्वांना जाणवत होती.

पण याच निवाड्याच्या पोटात एक प्रश्न आहे, आणि तो महाराष्ट्राला तरी विसरता येऊ नये. मे महिन्यापासून गांधी बंदीत असताना चळवळ कोणी चालविली? 21 मेला धारासण्याच्या मिठागरावर लोखंडी शेंब्यांच्या लाठ्यांखाली रांगेने पुढे जाऊन, हात वर न करता डोकी फोडून घेणाऱ्या स्वयंसेवकांनी चालविली, ज्यांची हकीकत वेब मिलर या अमेरिकन बातमीदाराने जगभर पोहोचविली. शिरोड्याच्या आणि वडाळ्याच्या मिठागरांवर गेलेल्या माणसांनी चालविली. 12 डिसेंबरला मुंबईत विलायती कापडाच्या मालमोटारीपुढे उभे राहून चिरडला गेलेला बाबू गेनू गिरणीत काम करीत होता. सोलापुरात मे महिन्यात लष्करी कायदा पुकारला गेला आणि त्याच्या पाठोपाठ मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशीची शिक्षा झाली; ती 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यातच अमलात आली. गांधींचे नाव मुखपृष्ठावर घेऊन आलेल्या त्या अंकाच्या तारखेस तेव्हा एक आठवडा झाला होता आणि गांधी त्याच तुरुंगाच्या भिंतींआड होते. यावरून गांधींची निवड चुकली असे मी म्हणणार नाही. हजारो माणसांना एका कृतीत ओवण्याची शक्ती हीच तर प्रभावाची व्याख्या आहे, आणि ती शक्ती त्या वर्षी एकाच माणसापाशी होती. परंतु ‘व्यक्ती’ हे माप लावताना या चौघांचे आणि बाबू गेनूचे देणे नोंदीत राहिले पाहिजे. ते राहिले नाही, तर प्रभाव म्हणजे एका माणसाचा चमत्कार असा खोटा इतिहास तयार होतो.

समूहांची निवड करून हा दोष झाकण्याचा प्रयत्न वेळोवेळी झाला. 1956 चा हंगेरियन स्वातंत्र्ययोद्धा आणि 2014 चे, पश्चिम आफ्रिकेत इबोलाशी झुंजणारे डॉक्टर व परिचारिका, या निवडी मला यथार्थ वाटतात, कारण त्यांत कोणी, कोठे, काय केले हे सांगता येते. 2006 साली मात्र ‘तुम्ही’ अशी निवड करून मुखपृष्ठावर आरशासारखा कागद लावण्यात आला. ज्याला वाचायचे त्यालाच राजा ठरविणे ही निवाड्याची टाळाटाळ झाली. वाचकांच्या मतदानाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. 2014 व 2016 या दोन्ही वर्षी त्या मतदानात नरेंद्र मोदी अव्वल ठरले आणि दोन्ही वेळा संपादकांनी अन्य नाव घेतले, तेव्हा आपल्याकडे पुष्कळांना तो जनमताचा अवमान वाटला. परंतु मतांची संख्या लोकप्रियता मोजते, आणि प्रभावाचा निवाडा साक्षीपुराव्याने व्हावा लागतो. संपादकाने आपला अधिकार मतपेटीच्या स्वाधीन करू नये, मग मतपेटीतून निघणारे नाव आपल्या आवडीचे असो वा नावडीचे.

आता काळाच्या प्रभावाविषयी, ज्याच्यासाठी सबुरी लागते. 1971 साली ‘टाइम’ने रिचर्ड निक्सन यांना निवडले. चीनला जाण्याची घोषणा आणि 15 ऑगस्टला डॉलरचा सोन्याशी असलेला संबंध तोडणे, या दोन गोष्टी पाहता ती निवड निराधार म्हणता येत नाही. त्याच वर्षी पूर्व बंगालातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, आणि पावसाळ्यात त्यांच्या छावण्यांत पटकी पसरली. सीमेजवळच्या बनगावच्या रुग्णालयात दोन खोल्या होत्या. रुग्ण जमिनीवर दाटीने पडलेले, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी वांतीतून व मळातून चालत, गुडघे टेकून शिरेत सुई घालावी लागे. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले होते, ते देणारे शिकलेले हातही अपुरे होते. कलकत्त्याच्या जॉन्स हॉपकिन्स केंद्रातील डॉ. दिलीप महालनबीस तेथे काम करीत होते. त्यांनी एक निर्णय घेतला. एक लिटर पाण्यामागे बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधे मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा, अशा प्रमाणाची भुकटी कलकत्त्यात पिशव्यांत भरून आणली, ती पिंपांतील पाण्यात विरघळविली, आणि रुग्णाच्या आईला, भावाला, शेजारी बसलेल्या कोणालाही सांगितले की हे पाणी पेल्यापेल्याने पाजत राहा. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा तिसाच्या घरातून शेकडा चाराच्या आत आले.

हा शोध त्यांचा एकट्याचा नव्हता. कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी 1953 मध्येच तोंडावाटे द्यावयाच्या अशा द्रावणाविषयी लिहिले होते, आणि 1968 मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश या दोघांनी त्याची शास्त्रशुद्ध परीक्षा केली होती. मग महालनबीसांचेच नाव का घ्यावे? कारण हे द्रावण प्रयोगशाळेतील शिस्तीत चालते एवढे सिद्ध झाले होते. अक्षरशत्रू माणसांच्या हाती, चिखलात, गर्दीत, वैद्यावाचून ते चालेल असे धरून चालण्याचा धीर बनगावात दाखविला गेला, आणि त्यानंतरच जागतिक आरोग्य संघटनेने ते देशोदेशी नेले. त्यामुळे पाच कोटींहून अधिक जीव वाचले असा वैद्यकातील जाणकारांचा अंदाज आहे. आपल्याकडे खेड्यातील आरोग्यसेविकेच्या पिशवीत जे ओआरएसचे पाकीट असते, आणि ते नसल्यास आई जे मीठ-साखरेचे पाणी करून मुलाला पाजते, त्यामागे ती छावणी आहे. महालनबीसांचा अहवाल 1973 साली प्रसिद्ध झाला. ते 2022 च्या ऑक्टोबरात वारले. पुढल्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. 1971 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या कोणत्याही संपादकाला हे दिसणे शक्य नव्हते, जसे पाँडिचेरीचे वजन पुण्यात दिसणे शक्य नव्हते. दोष न दिसण्यात नाही. पन्नास वर्षांनी दिसत असताना दप्तर न उघडणे, हा मात्र दोष आहे.

ज्या प्रथेचा जन्मच लिंडबर्गच्या बाबतीत राहून गेलेल्या गोष्टीच्या दुरुस्तीतून झाला, तिला दुरुस्तीचे वावडे असण्याचे कारण नाही, आणि 2020 मध्ये स्त्रियांपुरती ती झालीही आहे. माझी सूचना अशी की, दर डिसेंबरात दोन नावे जाहीर व्हावीत. पहिले चालू वर्षाचे, मूळ कसोटीवर, कोणाची भीड न धरता, नाव घृणास्पद असेल तर घृणा वाटेल अशा चित्रासह. दुसरे बरोबर पन्नास वर्षांपूर्वीच्या वर्षाचे, फेरविचाराने, कारणे देऊन; जुना निवाडा कायम राहत असेल तर तोही कारणे देऊन कायम करावा. असे केले म्हणजे प्रसिद्धी आणि परिणाम यांतील अंतर वाचकाला दरवर्षी डोळ्यांनी मोजता येईल, आणि चालू वर्षाचे नाव वाचतानाही तो सावध राहील.

ही सूचना न्यूयॉर्कपेक्षा मी मराठी संपादकांनाच अधिक आग्रहाने करतो. आपल्याकडेही वर्षअखेरीस मानकऱ्यांच्या आणि प्रभावशाली व्यक्तींच्या याद्या निघू लागल्या आहेत. व्यासपीठ असते, मंत्रिमहोदय असतात, शाल-श्रीफळ असते, आणि यादीतील बहुतेक नावे अशा माणसांची असतात की ज्यांना कोणी न बोलाविताही सर्वत्र बोलावणे असते. त्या याद्यांतून एक वर्ष सत्कार वगळावा आणि निवाडा करावा. महाराष्ट्राच्या त्या वर्षावर खरा अंमल कोणाचा होता ते निर्भयपणे छापावे, मग तो पाणी अडविणारा असो की पाणी पळविणारा. आणि त्याच पानावर पन्नास वर्षांपूर्वीचे, त्या वेळी कोणाच्या नजरेत न भरलेले एक नाव, पुराव्यासह द्यावे. वाचकांनीही आपापल्या तालुक्यातून अशी नावे कळवावीत, सोबत त्या माणसाने काय केले आणि त्याने काय पालटले याचा दाखला द्यावा. 1972 च्या दुष्काळापासून आरंभ केला तर नावांची वाण पडणार नाही. जगाच्या यादीपुरते विचाराल तर माझे मत ठरलेले आहे: 1971, दिलीप महालनबीस.